टॉवेलचा निळा उजेड आणि ‘रेडियम’च्या चांदण्या

प्रश्न : सोलापुरातील आमच्या टॉवेलच्या दुकानात नोटा तपासण्याचा जांभळा दिवा आहे. त्याखाली पांढरा टॉवेल निळसर उजळतो, खऱ्या नोटेचा कागद मात्र काळसरच राहतो. दिवा बंद होताच टॉवेलही विझतो. पण मुलीच्या खोलीत छताला चिकटवलेल्या ‘रेडियम’च्या चांदण्या अंधारात बराच वेळ चमकत राहतात. दोन्हींना हात लावला तरी ऊब लागत नाही. हा उजेड येतो कुठून, आणि त्या चांदण्या अपायकारक तर नाहीत ना?

उत्तर : भट्टीतले लोखंड उजळते ते तापल्यामुळे. टॉवेलचे कारण निराळे आहे. सूत शुभ्र दिसावे म्हणून त्याला टिनोपॉलसारखे द्रव्य दिलेले असते. त्याचे रेणू दिव्यातील अदृश्य अतिनील किरण शोषून घेतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर चढतो आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागातच खाली येताना निळा प्रकाश सोडतो. निळ्या प्रकाशाची ऊर्जा अतिनील किरणांपेक्षा कमी असल्याने उरलेल्या ऊर्जेची उष्णता होतेच, पण ती हाताला जाणवण्याइतकी नसते. नोटेच्या कागदात हे द्रव्य नसते. तिच्यावरचे क्रमांक आणि कागदातले बारीक तंतू तेवढे चमकतात, कारण क्रमांकांची शाई आणि ते तंतू तसे असतात. या प्रकाराला अनुस्फुरण म्हणतात.

चांदण्यांमध्ये आज रेडियम नसते, तेव्हा त्या बाबतीत निश्चिंत असावे; लहान मूल तोंडात घालणार नाही एवढे पाहावे. नाव मात्र जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवरून उरले आहे. त्या रंगात खरोखरच रेडियम असे, आणि अमेरिकेत ओठांनी कुंचल्याला टोक काढून तबकड्या रंगवणाऱ्या अनेक तरुणींना त्यापायी जबड्याचे व हाडांचे भीषण आजार झाले. आजच्या चांदण्यांत तांबे मिसळलेले झिंक सल्फाइड किंवा युरोपियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असते. त्यांच्या स्फटिकांत इलेक्ट्रॉन वाटेत अडकून पडतात आणि हळूहळू सुटत जातात, म्हणून उजेड रेंगाळतो. हे प्रस्फुरण.

विलक्षण गोष्ट अशी की, अडकलेल्या इलेक्ट्रॉनांना सुटायला खोलीतलीच उष्णता मदत करते. म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यात चांदणी आधी अधिक उजळेल आणि लवकर मंदावेल. मुलीला हे दाखवता येईल. दोन सारख्या चांदण्या एकाच दिव्याखाली सारखा वेळ धराव्यात आणि एक लगेच फ्रीजरमध्ये ठेवावी. काही मिनिटांनी अंधारात पाहिल्यास ती दुसरीपेक्षा मंद दिसेल, आणि तळहातावर थोडा वेळ धरली की पुन्हा उजळू लागेल.