बौद्धिक अक्षम भावाला सेल्फ अ‍ॅडव्होकसी ग्रुपचा खरंच काही उपयोग होईल का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ २६ वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम आहे, कार्यशाळेतल्या कुणीतरी सेल्फ अ‍ॅडव्होकसी ग्रुपचं, म्हणजे अशी मंडळी एकत्र जमून स्वतःबद्दल स्वतः बोलायला आणि ठरवायला शिकतात त्या गटाचं, सुचवलं आणि आई म्हणतेय की त्याला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, तो हक्कबिक्क काय मागणार. माझा भाऊ ३१ वर्षांचा आहे, त्यालाही डाउन सिंड्रोम, आम्ही ठाण्याला असतो आणि तो चार वर्षं अशा ग्रुपला जातोय म्हणून जरा सविस्तर लिहिते. उपयोग होतो. पण पहिलं वर्षभर मला काहीही फरक दिसला नव्हता, हेही आधीच सांगून ठेवते.

एक गोष्ट, नेटवर शोधताना गोंधळ होऊ शकतो. आपल्याकडे एलडी, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, म्हटलं की डिसलेक्सिया, परीक्षेला जादा वेळ वगैरे. ब्रिटनमधले लोक लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात ते म्हणजे आपण पूर्वी मतिमंद म्हणायचो ते, त्यामुळे तिकडचं ईझी रीड साहित्य, छोटी वाक्यं आणि बाजूला चित्र असलेलं, ते तुमच्या भावासाठीच आहे, जरूर बघा.

आमचा ग्रुप महिन्यातून एकदा रविवारी एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो, नऊ-दहा जण आणि दोन सपोर्ट पर्सन, म्हणजे मदतीला असणाऱ्या ताई. आईवडील आणि भावंडांनी खाली थांबायचं हा नियम आहे. मला सुरुवातीला राग आला होता याचा. पण पहिल्या मीटिंगला आम्ही सगळे आत बसलेलो तेव्हा काय झालं ते आठवतं, ताईंनी एकाला विचारलं चहा घेणार का, तर त्याची आई म्हणाली नको त्याला, आत्ताच झालाय, आणि मग पुढचे दोन तास तेच चालू राहिलं, प्रश्न त्यांना आणि उत्तरं आमची. मीसुद्धा दिली. वाईट हेतूने कुणीच देत नव्हतं, आयुष्यभराची सवय आहे ती.

आणि त्यांना सवय असते हो म्हणायची. शाळेत इतकी वर्षं शहाण्यासारखं वागण्याचीच शाबासकी मिळालेली, हो म्हटलं की समोरचा खूश. पिकनिकला जायचं? हो. नको जायला? हो. म्हणून ग्रुपमध्ये कुठलाही प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारतात, फळ्यावर फोटो लावतात आणि प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या फोटोखाली टिकली चिकटवायची. एक जण अजिबात बोलत नाही, तोही टिकली लावतो आणि त्याची टिकली कुणाहीपेक्षा कमी मोजत नाहीत. शिवाय प्रत्येकाकडे एक लाल कार्ड असतं, ते वर केलं की बोलणाऱ्याने थांबायचं, समजलं नाही असा त्याचा अर्थ. माझा भाऊ सात-आठ महिने ते हातात नुसतं धरून बसायचा. मग एकदा घरी बाबा बँकेच्या फॉर्मबद्दल घाईघाईत काहीतरी सांगत होते तर हा उठला, बॅगेतून कार्ड आणलं आणि बाबांच्या समोर धरलं. बाबा गप्पच झाले एकदम आणि मग पहिल्यापासून हळूहळू सांगितलं त्यांनी.

खरा बदल मानधनावरून झाला. हे सगळे वेगवेगळ्या कार्यशाळांमध्ये काम करतात, कागदी पिशव्या, उटणं, पणत्या रंगवणं, आणि महिन्याला थोडं मानधन मिळतं. ते पाकीट पालकांच्या हातात द्यायची पद्धत होती. एका मीटिंगला विषय निघाला की तुमचे पैसे कुठे असतात, तर जवळजवळ कुणालाच माहीत नव्हतं, दोघांना तर आपल्याला पैसे मिळतात हेच माहीत नव्हतं. तीन महिने त्यावरच बोलत होते ते, मग माझा भाऊ आणि आणखी दोघं मिळून कार्यशाळेच्या प्रमुखांकडे गेले आणि पाकीट आमच्या हातात द्या म्हणाले. एवढंच वाक्य, पण पाठ करून नाही, त्यांचं त्यांनी ठरवलेलं. आधी टाळाटाळ झाली, हरवतील वगैरे, पण दोन महिन्यांनी सुरू झालं. त्या पैशातून भावाने पहिल्यांदा काय आणलं तर स्वतःच्या कपाटाला कुलूप. आई दोन दिवस नीट जेवली नाही, आमच्यापासून काय लपवायचंय त्याला म्हणून. मला वाटतं लपवायचं काहीच नव्हतं, ३१ वर्षांच्या माणसाचं कपाट कुणीही कधीही उघडतं हेच त्याला नको होतं आणि ते आम्हाला कुणाला कधी सुचलंच नाही.

तुमच्या आईंना सांगा की हक्क म्हणजे भाषण नाही. १९७० साली स्वीडनमध्ये माल्मोला अशा तरुणांची परिषद झाली होती, त्यांच्या मागण्या काय होत्या तर गावात फिरायला आम्हाला मोठ्या घोळक्याने नेऊ नका, दोघंतिघंच जाऊ, आणि आमच्याबद्दल बोलणं चालू असेल तेव्हा आम्हालाही तिथे बसू द्या. अमेरिकेत ओरेगनमधल्या काही जणांनी कॅनडातल्या एका परिषदेत बघितलं की बोलतायत सगळे तज्ज्ञच, म्हणून परत येऊन १९७४ मध्ये स्वतःची परिषद भरवली, पाचशेहून जास्त लोक आले आणि त्यातूनच पीपल फर्स्ट ही चळवळ उभी राहिली, आम्ही आधी माणूस आहोत या अर्थाने. न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन, ज्यांचं लहानपण संस्थांमध्ये गेलं, ते २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीवर निवडून आले, बौद्धिक अक्षमता असलेले पहिलेच. आपल्याकडे परिवार ही पालक संघटनांची देशपातळीवरची फेडरेशन आहे, त्यांच्याकडे चौकशी करून बघा.

गार्डियनशिपचं पण विचारलंय तुम्ही. नॅशनल ट्रस्ट म्हणजे बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिच्या जिल्ह्यातल्या लोकल लेव्हल कमिटीकडून आम्हीही बाबांना गार्डियन, म्हणजे कायदेशीर पालक, करून घेतलंय, ते गरजेचं आहे, पण सर्टिफिकेट आलं म्हणजे भावाचं मत संपलं असं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, गार्डियन आणि ती व्यक्ती दोघांनी मिळून आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. आता इच्छा सांगायची सवयच नसेल तर कायद्यात लिहून काय उपयोग, ती सवय या ग्रुपमध्ये लागते.

ग्रुप निवडताना मात्र बघून घ्या. काही ठिकाणी वर्षातून एकदा स्टेजवर उभं करतात, ताईंनी लिहून दिलेलं म्हणायला लावतात, टाळ्या, फोटो आणि संपलं. तिथे विचारा की मागच्या वर्षभरात या लोकांनी म्हटलं म्हणून काय बदललं? काहीच सांगता आलं नाही तर नका पाठवू. मुली किती आहेत तेही बघा, आमच्याकडे दोनच आहेत, पालक पाठवायला घाबरतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं कारण ओळखीच्या माणसालाही नको म्हणायला शिकणं त्यांना सगळ्यात जास्त गरजेचं आहे. नोकरी मिळेल किंवा आपल्यानंतर याचं काय हा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा ठेवू नका, ते यातून होत नाही.

जवळ ग्रुप नसेल तर चार-पाच जणही पुरतात, फक्त सपोर्ट पर्सन घरचा नको.

आधी भावालाच विचारा, जागेचे फोटो दाखवून, उलटसुलट दोनदा, आणि एकदा नुसतं बघायला घेऊन जा. आमच्याकडे दुसऱ्या मीटिंगनंतर तो नाही म्हणाला होता, दोन महिने नाही पाठवला आम्ही. मग ग्रुपमधल्या एका मित्राने फोन केला, काय बोलले माहीत नाही, पण त्या रविवारी सकाळी आठलाच बूट घालून दारात बसला होता.