राब भाजायचा की नाही? डोंगरशेतीबद्दल वाचकांचे प्रश्न

शहापूर-मुरबाडकडच्या डोंगरपट्ट्यात शेत आणि ठाणे-नवी मुंबईत घर, अशा वाचकांची पत्रं या महिन्यात जास्त आली. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचं भाताचं एक एकर आहे. चार गुंठ्यांवर राब, म्हणजे शेण-पाल्याचे थर, भाजून रोपं करतो. दरवर्षी राबासाठी कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडून तोडून ऐनाची झाडं खुंटासारखी झाली आहेत. राब न भाजता रोपं होतात का? आई म्हणते, भाजल्याशिवाय रोप धरत नाही.
— वाचक, कळवा

होतात. पण आईंचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. शेण, कवळ, गवत, पातेरा (वाळका पाला) आणि वरून माती असे थर देऊन राब भाजला की वरच्या मातीतलं तणाचं बी मरतं, राखेतलं पालाश मिळतं आणि तापलेल्या मातीतलं थोडं नत्र रोपांना लगेच लागू पडतं. रोप तरारून येतं ते यामुळे. मात्र शेण आणि पाल्यातलं बहुतेक नत्र धुरावाटे निघून जातं, आणि उघड्या पडलेल्या उतारावर झाडांची मुळंच माती धरून ठेवतात. ऐन गेला की वरची माती खाली भातखाचरात, तिथून ओढ्यात.

राबाऐवजी भाताच्या तुसाची काळी राख वापरा. गुंठ्याला ५० ते १०० किलो, म्हणजे चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. भातगिरणीत आत्ताच सांगून ठेवा. राख जितकी हवी त्याच्या निदान चौपट तूस धरा. तुसाचा ढीग धुमसत ठेवायचा, ज्वाळा येऊ द्यायच्या नाहीत, आणि काळा पडला की पाणी मारून विझवायचा. पांढरी होईपर्यंत जाळलेली राख कमी उपयोगाची, कारण जास्त तापल्यावर तिच्यातली सिलिका पाण्यात सहज विरघळत नाही. रोपाचा ताठपणा आणि खोडकिडा-करप्याला तोंड देण्याची ताकद या सिलिकेतूनच येते.

गादीवाफे १ ते १.२ मीटर रुंद आणि ८-१० सेंटिमीटर उंच करा. राख आणि गुंठ्याला सुमारे २५० किलो कुजलेलं शेणखत मातीच्या वरच्या थरात नीट मिसळा. नुसती वर पसरलेली राख पहिल्याच सरीत वाहून जाते, एका जागी पडली तर रोपं ठिपक्याठिपक्यांनी हिरवी-पिवळी दिसतात. बियाणं १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून बुडवा. तरंगेल ते काढून टाका. खाली बसलेलं दोनदा धुऊन २४ तास सावलीत सुकवा. पेरणी ओळीत, २-३ सेंटिमीटर खोल.

आता तण. राख तणाचं बी मारत नाही, आणि राब सोडलेले बरेच जण पुन्हा राबाकडे वळतात ते इथेच. वळवाच्या सरींनंतर वाफ्यावर तण उगवू द्या, ते कोवळं असताना कुदळीने हलकं उलटवा, मग पेरा. तरीही एक-दोन बेणण्या (खुरपण्या) कराव्या लागतील, ती मजुरी आधीच हिशोबात धरा. यंदा चारही गुंठ्यांवर प्रयोग करू नका. दोनवर राख, दोनवर राब, आणि दोन्हींची रोपं आईंना शेजारीशेजारी बघू द्या.

ऐनाच्या कवळाची गरज कमी करायला बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. पाऊस सुरू झाला की हातभर लांबीच्या जाड काड्या मीटरभर अंतरावर रोवायच्या. झाडं वाढली की दरवर्षी लावणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला ३० किलो पाला खाचरात टाकायचा आणि चिखलणीत गाडायचा. हा पाला जाळायचा नाही. चारसूत्री भात लागवडीत तुसाची राख आणि गिरिपुष्प ही पहिली दोन सूत्रं आहेत. उरलेली दोन म्हणजे नियंत्रित अंतरावर चुडात (एका जागी लावलेल्या जुडीत) दोन-तीनच रोपं, आणि चार चुडांच्या मधोमध ७-१० सेंटिमीटर खोल २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची गोळी. गुंठ्याला अशा ६२५ लागतात. ब्रिकेट वरवर टाकली तर नत्र पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून हाताने चिखलात दाबायला आळस नको.

प्रश्न : वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या, जमिनीत सलग चौथ्या वर्षी नाचणी केली. कणसं बोटभरही झाली नाहीत. बियाणं खराब होतं का?
— वाचक, कोपरी

बियाण्याआधी जमिनीचा विचार करा. वरकस उतारावर जुन्या लोकांचा फेर असा : पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी खुरासणी (कारळा), मग काही वर्षं पड. पडीतून उठलेल्या जमिनीचा कस नाचणी आधी घेते, वरीला त्याहून कमी भागतं, खुरासणी हलक्यात हलक्या मातीतही येते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. तुम्ही कस घेणारं पीकच चारदा घेतलंत. यंदा खुरासणी करा, आणि पुढे निदान दोन वर्षं गवत वाढू द्या.

नाचणी पुन्हा कराल तेव्हा रोपं २१ ते २५ दिवसांचीच लावा. पावसाने ताण दिला म्हणून महिन्याच्या वर थांबलेली रोपं फुटवे कमी धरतात. उतारावर नांगर न घालता ठोंब्याने, म्हणजे टोकदार दांड्याने, भोकं पाडा, ओळी उताराला आडव्या, २० बाय १५ सेंटिमीटरवर, भोकात मूठभर शेणखत आणि दोन रोपं. उभ्या ओळी केल्या तर प्रत्येक ओळ म्हणजे पाण्याला वाट.

प्रश्न : पाड्यातल्या एका ओळखीच्या माणसाची वनहक्काची दीड एकर जागा स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?
— वाचक, ऐरोली

घेऊ नका. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाने पुढे जाते. ती विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. लग्न झालेलं असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो. नोटरीच्या कागदाने यात काहीही बदलत नाही. सातबाऱ्यावरची आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आधी परवानगी लागते. तुमचे पैसे बुडतील, आणि त्या घराची नाचणीची जागा वादात अडकेल. हे दुसरं जास्त वाईट.

प्रश्न : आमच्या मंडळाने नोव्हेंबरात मुरबाडकडच्या एका ओढ्यावर वनराई बंधारा, म्हणजे गोण्यांचा कच्चा बांध, बांधला. पंधरा दिवसांत पाणी खालून निघून गेलं. शेजारी भातसा-तानसा धरणं असताना शहापूरच्या पाड्यांना एप्रिलात टँकर लागतो, ते बघून हे काम हाती घेतलं होतं. चुकलं कुठे?
— वाचक, नेरूळ

खालून गेलं म्हणजे तळ साफ केला नव्हता. गोण्या गोट्यांवर आणि वाळूवर ठेवल्या की पाणी त्यांच्याखालून वाट काढतं. ओढ्याच्या पात्रात आडवा चर खणा आणि कातळ किंवा घट्ट माती लागेपर्यंत सगळा गोटा काढा. हाच चर दोन्ही काठांत हात-दीड हात आत न्या, नाहीतर पुढच्या वेळी पाणी बगलेने जाईल. जागा अरुंद, काठ उंच आणि वरच्या बाजूचा उतार कमी असा टप्पा निवडा. उतार तीव्र असेल तर तेवढ्याच उंचीत फार थोडं पाणी साठतं.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने पाऊण भरा आणि तोंडं सुतळीने शिवा. गच्च भरलेली गोणी गोल होते, मग दोन गोण्यांमध्ये फट राहते. वीटकामासारखा सांधा मोडत रचा, तळाला तीन रांगा, वर एक, उंची मीटरभर. प्रत्येक थरावर चिकणमातीचा लगदा. पाण्याच्या बाजूने प्लास्टिकचा कागद लावून त्याची खालची कड चरात गाडा.

काम ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, धार बारीक होत असताना करा. नोव्हेंबरअखेर अडवायला फारसं पाणीच उरत नाही. उन्हाने गोण्या विरतात, त्यामुळे बंधारा एका हंगामाचाच. मे महिन्यात मंडळाची एक फेरी ठेवा आणि कागद व फाटक्या गोण्या उचलून आणा, नाहीतर मृगाच्या पुराबरोबर ते सगळं खालच्या खाचरांत जाऊन बसेल.