पोकरमध्ये बटणवर असताना ब्लफ का फसतो?

तुम्ही लिहिलंय की टेक्सास होल्डेममध्ये (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच) बटणवर, म्हणजे फ्लॉपपासून शेवटी बोलायला मिळणाऱ्या जागेवर असताना फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पानांवर) समोरचे तिघे चेक करतात, म्हणजे पैसे न लावता पुढे जातात, तुम्ही हातात काही नसताना अर्ध्या पॉटचा (मधोमध जमलेल्या रकमेच्या निम्म्याचा) ब्लफ मारता आणि कोणीतरी कॉल करतंच, तेवढेच पैसे घालून टिकतं. यात दोष पोझिशनचा, म्हणजे बसायच्या जागेचा नाही, गर्दीचा आहे. अर्ध्या पॉटची बेट तीनात एकदा चालली तरी बरोबरी होते. समोर एकच जण असेल आणि तो दहात सहा वेळा पानं टाकत असेल, तर तुम्ही मजेत फायद्यात. पण तसेच तिघे असतील, तर तिघांनीही एकदम टाकण्याची शक्यता उरते जेमतेम २२ टक्के. म्हणजे तोच ब्लफ, तीच पानं, आणि आता तोटा. तिघे चेक करून बसले असतील तर हातात काही नसताना मी गुपचूप चेक करतो आणि पुढचं पान फुकटात बघतो. शेवटी बोलायला मिळण्याचा हाही एक फायदाच आहे, लोक तो विसरतात.

म्हणून ब्लफची तयारी फ्लॉपच्या आधी होते. सगळ्यांनी पानं टाकत तुमच्यापर्यंत आणलं, तर कॉल करू नका, रेझ करा, म्हणजे बेट वाढवा. ब्लाइंड (तुमच्या डावीकडच्या दोघांनी पानं बघण्याआधीच घालायचे पैसे) ५०-१०० असतील तर २५० करा. दोघांनी टाकलं तर १५० तुमचे. नुसतं एवढ्यावर भागायला हे साधारण ६३ टक्के वेळा व्हायला हवं; पण कॉल आला म्हणून हात संपत नाही, उलट आता समोर बहुधा एकच जण असतो आणि तो तुमच्या आधी बोलतो.

समजा तुमच्याकडे इस्पिकचे गुलाम-दश्शी आहेत, बिग ब्लाइंडने (१०० घालणाऱ्याने) कॉल केला, पॉट ५५०. फ्लॉप: इस्पिक राजा, चौकट सत्ती, किलवर दुर्री. तो चेक करतो. इथे १८० पुरेत. चारात एकदा त्याने टाकलं तरी वसूल, आणि जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी लागते साधारण तीनात एकदाच. शिवाय बटणवरून रेझ करणाऱ्याकडे राजा असू शकतो हे त्याला पटतं. त्याने कॉल केला, तर टर्नला, म्हणजे चौथं, कोणतं पान आलं यावर सगळं. राणी, एक्का, नव्वी किंवा कोणतंही इस्पिक आलं की तुमच्या हातात जीव येतो. राणी आली तर एक्का आणि नव्वी अशी आठ पानं सीक्वेन्स लावतात. आता पॉट ९१० आहे, ६०० मारा. तो टाकेल, नाहीतर रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) तुम्हाला लागेल. दोन वाटा उघड्या. बदाम चौकी आली तर सोडून द्या. अडकलेले १८० सोडवायला आणखी ६०० घालणं हा महागडा हट्ट आहे.

हाच फ्लॉप सत्ती-छक्की-पंजी असा असता, त्यात दोन बदाम, तर मी बेटच केली नसती. अशी मधली पानं कॉल करणाऱ्याकडे भरपूर असतात.

माणूस मात्र आधी ओळखा. आपल्यातले बरेच जण दिवाळीच्या तीन पत्तीतून इकडे येतात. ‘शो’ मागून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गोव्याच्या कसिनोत सुट्टीसाठी आलेला पाहुणा तर खेळायलाच बसलेला असतो, पॅक करायला नाही. अशांवर ब्लफ वाया जातो. चांगली पानं येईपर्यंत थांबा आणि मग मोठी बेट लावा, ते पैसे देतात. ब्लफ मारायचा तो विचार करून टाकणाऱ्यावर.

रिव्हरचा ब्लफ त्याहून नाजूक. टेबलावर तीन इस्पिक आहेत, तुमच्याकडे एकटा इस्पिक एक्का आणि बाकी काही नाही, तर मोठी बेट शोभते: सगळ्यात मोठा फ्लश (एकाच जातीची पाच पानं) समोरच्याकडे असूच शकत नाही. पण हातात मधली जोडी असेल तर तिला ब्लफ बनवू नका, चेक करून उघडा, बरेचदा तीच जिंकते.

आणि ब्लाइंडमधल्याच्या चिप्स आधी मोजा. त्याच्याकडे आठ-दहा बिग ब्लाइंडच (इथे ८००-१०००) उरले असतील तर तुमच्या २५० वर तो सरळ ऑल-इन करेल, सगळ्या चिप्स लावेल, आणि गुलाम-दश्शी घेऊन विचार करत तुम्हीच बसाल.