भोक चांदणीचं, कवडसा मात्र गोल

प्रश्न : ताई, मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यावेळी डिझाइनचा विषय आहे 'प्रकाशातून फॉर्म शोधा', फॉर्म म्हणजे इमारतीचा आकार. मी दोन आठवडे ऊन-सावलीचे फोटो काढले, त्यातला एक आवडला तो ट्रेस केला आणि त्याच रेषांवरून प्लॅन काढला. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडलं तेव्हा, एवढंच विचारलं, "बरं, पण यात ऊन कुठंय?" मला काही बोलताच येईना. नक्की कुठं चुकतंय?

उत्तर : अगं, तू उन्हाचं चित्र घेतलंस, उन्हाचा नियम घेतला नाहीस, बस्स एवढंच चुकलंय. फोटोतली सावली एका क्षणाची, ती ट्रेस केली की उरते नुसती नक्षी, मग ती नक्षी उन्हाची काय आणि सांडलेल्या शाईची काय, प्लॅनला काहीच फरक पडत नाही. मी अशा वेळी एक साधी टेस्ट लावते. बिल्डिंग मनातल्या मनात ९० अंशात फिरवायची, नाहीतर उचलून दुसऱ्या अक्षांशावर ठेवायची आणि बघायचं काही बिघडतंय का. काहीच बिघडलं नाही तर ऊन तिथं पाहुणं म्हणून आलं होतं, घर त्याच्यासाठी बांधलेलं नव्हतं.

जयपूरच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र घे, म्हणजे सावलीवरून वेळ सांगणारं बिल्डिंगएवढं घड्याळ. सुमारे २७ मीटर उंच त्रिकोणी भिंत, वर चढत जाणारा जिना, आणि चढाचा कोन २७ अंश, कारण जयपूरचा अक्षांशच तेवढा आहे, म्हणजे ती तिरकी धार बरोब्बर ध्रुवाकडे रोखलेली. कुणाला छान वाटला म्हणून तो कोन आलेला नाही! दिल्लीच्या जंतरमंतरमधे हेच यंत्र आहे तिथं कोन साडेअठ्ठावीस अंशांच्या आसपास. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे जयपूरला बाजूच्या कमानदार पट्टीवर सावली सेकंदाला साधारण १ मिलिमीटर चालते, दोन मिनिटं टक लावून उभं राहिलं की डोळ्यांना सरकताना दिसते चक्क. ही बिल्डिंग उचलून दुसरीकडे ठेवलीस तर वेळ चुकीची दाखवेल. मी म्हणते ती टेस्ट ही.

आता तू करायचं काय, तर एक बुटांचा खोका घे, झाकणाला ५ मिलिमीटरचं भोक पाड, तळाला कागद चिकटव, साईटची उत्तर दिशा धरून उन्हात ठेव आणि एका बाजूला फट ठेवून दर १५ मिनिटांनी कवडसा पडेल तिथं पेन्सिलनं टिंब मार, शेजारी वेळ लिही. टिंबं जोडलीस की एक वक्र रेषा मिळेल. २१ मार्च नाहीतर २२ सप्टेंबरच्या आसपास केलंस तर रेषा सरळ येते, उन्हाळ्यात एका बाजूला वळते, हिवाळ्यात दुसऱ्या. (मी कॉलेजात पहिल्यांदा हे केलं तेव्हा मोबाईलचं होकायंत्र लोखंडी कपाटाला टेकवून उत्तर बघितली होती, आख्खा दिवस टिंबं मारून रेषा आली ती तिरपागडी, आणि मी संध्याकाळपर्यंत दोष सूर्याला देत होते.)

या रेषेतून लगेच फॉर्म निघत नाही हं, इथंच सगळे घाई करतात. आधी ठरव की कुठल्या खोलीत, किती वाजता, कसलं ऊन हवंय. वाचनाच्या टेबलावर थेट ऊन नको, पण जिन्यात चालेल, उलट मजा येईल. मग रेषा बघून भिंत सरकव, जाड कर, खिडकी वर ने. गणित फार अवघड नाहीये, दुपारी सूर्य किती उंच येतो हे ९० मधून अक्षांश वजा केला की कळतं, आणि ऋतूप्रमाणे त्यात साडेतेवीस अंश इकडे-तिकडे. समजा दक्षिणेच्या भिंतीसमोर सूर्य ६० अंशांवर आहे, तर १ मीटरचा छज्जा त्या वेळी भिंतीवर १.७ मीटरपर्यंत सावली टाकतो. म्हणजे छज्जा किती बाहेर काढायचा हे आता तुझ्या हातात राहिलं नाही, आणि तेच तर हवं होतं ना.

आर्किटेक्ट लुई कानचं अमेरिकेत टेक्ससमधलं किम्बेल म्युझियम (१९७२) याच विचारानं बघ. चित्रांना थेट ऊन चालत नाही, म्हणून छताच्या कमानीला अगदी माथ्यावर लांब फट, फटीखाली बारीक भोकांचे ॲल्युमिनियमचे पंख, ऊन त्यांच्यावर आपटून परत वर काँक्रीटच्या कमानीवर जातं आणि मग मऊ होऊन खाली उतरतं. ती कमान अशी का आहे, याचं निम्मं उत्तर त्या उन्हात आहे.

प्रश्न : एका हॉलच्या छताला चांदणीच्या आकाराची २ सेंटिमीटरची भोकं ठेवलीत, छत ६ मीटर उंच आहे. रेंडरमधे, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रात, फरशीवर सुंदर चांदण्या दिसतात. प्रत्यक्षात तसंच दिसेल ना?

उत्तर : नाही दिसणार. सूर्य म्हणजे टिंब नाही, आकाशात त्याची थाळी अर्ध्या अंशाची आहे, त्यामुळे बारीक भोकातून येणारा कवडसा म्हणजे सूर्याचीच प्रतिमा असते. अंतराला ११० नं भागा, म्हणजे ६ मीटरवर साडेपाच सेंटिमीटरचा गोल, त्यात भोकाचे २ मिळवा. तुमच्या चांदणीची टोकं त्यात विरघळून जातील आणि खाली दिसतील पुसट गोल ठिपके. शिवाय ऊन तिरकं असेल तेव्हा ते लांबुळके होणार. झाडाखाली बघा, पानांमधल्या फटी कशाही वेड्यावाकड्या असल्या तरी खाली कवडसे गोलच पडतात, आणि खंडग्रास सूर्यग्रहणात त्याच कवडशांच्या चंद्रकोरी होतात!

रेंडरमधे सूर्याचा आकार शून्य ठेवलेला असेल तर सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी येते, ते सेटिंग एकदा बघाच. चांदण्याच हव्यात तर जाळी खाली आणा किंवा भोकं निदान २५-३० सेंटिमीटरची करा. मला विचाराल तर साधी गोल भोकं ठेवा आणि ठिपके होऊ द्या.

प्रश्न : ऊन सोडून दुसरं काही घेऊन असं डिझाइन करता येतं का?

उत्तर : हो, वजन घ्या की. साखळी दोन टोकांना धरून सोडली की ती फक्त ताणात लटकते, तोच आकार उलटा केला की फक्त दाबात उभी राहणारी कमान मिळते, हे इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकनं सतराव्या शतकात सांगून ठेवलंय. स्पेनचा आर्किटेक्ट गौदी, त्यानं बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी दोऱ्या आणि शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या टांगून मॉडेल केलं, सुमारे १० वर्षं त्यात घालवली, मग फोटो काढून उलटा धरायचा. चर्च पूर्ण झालंच नाही, ती गोष्ट वेगळी.

नाहीतर साबणाची फिल्म. तारेची कुठलीही वेडीवाकडी चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून काढा, फिल्म कमीत कमी क्षेत्रफळाचा आकार घेते आणि सगळीकडे ताण सारखा असतो, तंबूच्या छताला नेमकं हेच लागतं. जर्मन आर्किटेक्ट फ्राय ऑटोनं अशा फिल्मचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिम्पिक स्टेडियमच्या छतामागे तीच समज आहे. घरी करून बघणार असाल तर पाण्यात थोडं ग्लिसरीन घाला, नाहीतर कॅमेरा हातात घेईपर्यंत छत फुटलेलं असतं.