अठरा वर्षं, आणि मग दोरीशिवाय

प्रिय बाळ,

बरोबरचे सगळे पुढे गेले आणि तू अजून टेस्टिंगमध्येच, हे तुझ्या पत्रातलं वाक्य मनातून जात नाही. धीर धर, असं मी सांगणार नाही. तुला ब्रूस मॅककँडलेसबद्दल सांगतो.

१९६६ मध्ये नासाने १९ अंतराळवीर निवडले. हा नौदलाचा वैमानिक त्यांच्यात वयाने सगळ्यात लहान. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा ह्यूस्टनहून त्याच्याशी बोलत होता तो मॅककँडलेस. त्याच्याच तुकडीतले तिघे पुढे चंद्रावर चालून आले. त्याचा नंबर लागला नाही. स्कायलॅब या नासाच्या अवकाशस्थानकाच्या पहिल्या मोहिमेतही तो राखीवच राहिला.

तोवर त्याने एक यंत्र मात्र हातचं सोडलं नव्हतं. दोरी न बांधता यानापासून दूर जायचं आणि परत यायचं, यासाठी पाठीवर घ्यायचं यंत्र. नायट्रोजनचे २४ छोटे झोत. डाव्या हाताने सरकायचं, उजव्या हाताने वळायचं. त्याच्या आधीचा नमुना स्कायलॅबच्या आत उडवून पाहिला गेला, तोही दुसऱ्यांनी. मॅककँडलेस मात्र इंजिनिअर एड व्हिटसेटबरोबर त्यावर काम करत राहिला. म्हणूनच यंत्र तयार झालं तेव्हा पहिलं कोण जाणार, याबद्दल फारसा प्रश्न उरला नसावा, असं मला वाटतं.

७ फेब्रुवारी १९८४. वय ४६. चॅलेंजर या अवकाशयानापासून तो जवळजवळ १०० मीटर दूर गेला, कशालाही न बांधलेला. अपेक्षित होती तशी शांतता मिळाली नाही. कानात रेडिओवर सतत बोलणं आणि पोशाखात थंडीने दात वाजत होते. तो फोटो तू पाहिलाच असशील. हेल्मेटच्या काचेमागे चेहरा दिसत नाही, आणि त्याला तेच आवडायचं: आत कुणीही असू शकतं.

पुढचंही तुला कळायला हवं. ते यंत्र फक्त तीन मोहिमांत वापरलं गेलं, तिन्ही १९८४ मध्येच. चॅलेंजरच्या अपघातानंतर ते बंद झालं. इतक्या वर्षांच्या कामाला वर्षभराचंही आयुष्य मिळालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्यातूनच पुढे आणीबाणीत वापरायचं छोटं यंत्र आलं. आणि मॅककँडलेस थांबला नाही. हबल दुर्बीण अंतराळातच दुरुस्त करता यावी म्हणून लागणाऱ्या हत्यारांवर त्याने काम केलं, आणि १९९० मध्ये ती सोडायला गेलेल्या डिस्कव्हरी यानावर तो होता.

तेव्हा बढतीची यादी बाजूला ठेव. तुझ्या टेस्ट रिगवर वारंवार बिघडणारा, कुणाला नीट न कळलेला असा कोणता भाग आहे? त्याचे जुने रिपोर्ट काढ, ज्यांनी तो बसवला त्या टेक्निशियनशी बोल, मग पुढच्या पत्रात मला त्याबद्दल सविस्तर लिही. आकृतीही काढून पाठव.

तुझे,
सर