कन्सेंटची, म्हणजे कारखाना चालवायला लागणाऱ्या संमतीची, फी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्वतः वाढवू शकतं का? आणि ती भांडवलावर का ठरते?

नाही, मंडळ परस्पर वाढवू शकत नाही. १९७४ चा जल कायदा (कलम २५) आणि १९८१ चा वायू कायदा (कलम २१) दोन्ही अर्जासोबत 'विहित' फी मागतात. विहित म्हणजे राज्य सरकारने नियमांतून ठरवलेली. मंडळ प्रस्ताव पाठवू शकतं, सही सरकारचीच लागते.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात फीचा आधार म्हणजे कारखान्याची एकूण भांडवली गुंतवणूक: जमीन, इमारत, यंत्रसामग्री. मोजायला हे सोपं, ताळेबंद पाहिला की झालं. पण विचार करा, एखाद्याने स्वच्छ तंत्रज्ञानाची महागडी यंत्रं बसवली तर त्याचं भांडवल वाढतं, आणि जुनाट यंत्रांवर धूर सोडणाऱ्या शेजाऱ्याचा आकडा मात्र लहानच राहतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याच्या १९९० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या वायुप्रदूषकांच्या परवान्यांसाठी वेगळा रस्ता धरला गेला. परवाना यंत्रणेचा वाजवी खर्च फीमधून निघालाच पाहिजे, असं राज्यांवर बंधन आहे. एवढ्यात हा खर्च भागेल असं गृहीत धरून दर ठरला टनभर उत्सर्जनामागे २५ डॉलर, आणि तो महागाई निर्देशांकाप्रमाणे दरवर्षी बदलतो. त्यामुळे दर वर्षानुवर्षं गोठून राहत नाही.

आपल्याकडेही फी सुधारताना सांडपाणी आणि उत्सर्जन किती, हे आधी धरायला हवं. फक्त जुन्या दरांना टक्केवारी लावली, तर पैसे वाढतील, नदीत जाणारं पाणी तेच राहील.