बोलघेवडा नाही, मग सेल्स सोडू का?

प्रिय ऐरोलीकर,

रबाळे एमआयडीसीत तीन वर्षं कारखान्यांना हवेचे कॉम्प्रेसर विकतोयस, नव्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याशी बोलायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो, आणि आता साहेबांनी सगळ्यांना ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्ट द्यायला लावली त्यात तू इंट्रोव्हर्ट निघालास म्हणून ते म्हणतात बॅक ऑफिसला जा. बरोबर ना?

आधी त्या टेस्टचं बघू. तुला चार अक्षरांचा रिझल्ट आलाय म्हणजे ती एमबीटीआय नावाच्या प्रसिद्ध पर्सनॅलिटी टेस्टच्या धर्तीवरची असणार, आणि एमबीटीआय काढणारी कंपनी स्वतःच सांगते की नोकरीसाठी माणसं निवडायला ही वापरू नका! शिवाय २०१३ साली ॲडम ग्रँट नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने ३४० सेल्सवाल्यांचे आकडे तपासले तर सगळ्यात जास्त विक्री बडबड्यांची नव्हती आणि मुखदुर्बळांचीही नव्हती, मधल्यांची होती. माझे एक दीर एक नंबरचे बोलबच्चन, अर्ध्या नौपाड्याला विमा पॉलिसी विकल्या आणि क्लेमच्या वेळी फोन उचलेनात, मग लोक आमच्या दारात. असो.

तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंयस की तुर्भ्याचा एक पॅकेजिंगवाला मशीन बंद पडलं की सर्व्हिस सेंटर सोडून तुलाच फोन लावतो आणि दुसरा कॉम्प्रेसर त्याने बाकी कुणाचं कोटेशन न मागवता तुझ्याकडूनच घेतला. अरे मग हे काय आहे? सेल्सच आहे ना! तुमच्या लाइनीत हंटर आणि फार्मर म्हणतात बघ, नवं गिऱ्हाईक पकडणारा वेगळा आणि जुनं सांभाळून वाढवणारा वेगळा, तू सरळसरळ दुसरा. कॉम्प्रेसरचा मोठा खर्च विजेच्या बिलात असतो आणि पाइपलाइनीतून हवा लीक होत असली तर ते अजून फुगतं, तर शॉपफ्लोअरवर शांतपणे फिरून कुठे सूंसूं आवाज येतोय ते ऐकणारा माणूस मालकाला हवाच असतो.

साहेबांशी टेस्टवरून वाद घालू नकोस. तीन वर्षांतल्या रिपीट ऑर्डरी, रिन्यू झालेल्या एएमसी (वार्षिक देखभालीचे करार), स्पेअर्सची बिलं एका कागदावर मांड आणि सांग, मला जुनी अकाउंट्स द्या. पण हो म्हणायच्या आधी इन्सेंटिव्हचं विचारून घे, बऱ्याच ठिकाणी नव्या ऑर्डरवरच जास्त देतात आणि तुझा होमलोनचा हप्ता आहे म्हणतोस.

ओळखीच्या गिऱ्हाईकाकडे जातानाही पोटात गोळा येत असेल तर मात्र कोटेशन आणि टेंडरचं टेबल खुशाल घे, त्यात कमीपणा काही नाही.

आणि तोवर गेटवर जायच्या आधी परचेसवाल्याचं नाव आणि एक्स्टेंशन नंबर फोनवरूनच काढून ठेवत जा, सिक्युरिटीशी निम्मं बोलणं तिथेच वाचतं.

तुझी,
ताई